संगणकाची पत्तेवही आणि आपली माणसे

ई-मेल हाताळणाऱ्या आणि लोकांचे नाव-पत्ते सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षणे बहुधा एकाच साच्याची असतात. ते किती वेगाने उघडते, संगणकात किती जागा खाते, नको असलेले टपाल कितपत अचूक गाळते, एवढे पाहिले की परीक्षण संपते. हे प्रश्न चुकीचे नाहीत. पण शाळेच्या टेबलावर बसून पाहिले तर ते अपुरे आहेत. शिक्षकाला त्या सॉफ्टवेअरमध्ये माणसे ठेवायची असतात. त्यात पालक असतात, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य असतात, केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीतील अधिकारी असतात. म्हणून पहिला प्रश्न असा हवा की, आपली माणसे त्यांच्या खऱ्या नावाने, खऱ्या पत्त्याने आणि खऱ्या नात्याने या वहीत मावतात काय? यवतमाळ जिल्ह्यातील शाळांचा पत्रव्यवहार डोळ्यांसमोर ठेवून आम्ही या लेखात हा प्रश्न तपासणार आहोत. जेथे उणीव दिसेल तेथे सुधारणेची सूचनाही करणार आहोत.

कोणत्या सॉफ्टवेअरबद्दल आपण बोलतो आहोत?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात स्टीव्ह डॉर्नर यांनी १९८८ साली 'युडोरा' तयार केले. मायक्रोसॉफ्टचे 'आउटलुक' १९९७ मध्ये आले, आणि त्याच वर्षी त्याचे धाकटे भावंड 'आउटलुक एक्स्प्रेस' फुकट मिळू लागले. मोझिलाच्या 'थंडरबर्ड'ची पहिली पूर्ण आवृत्ती डिसेंबर २००४ ची. यांपैकी युडोरा आणि आउटलुक एक्स्प्रेस यांचा काळ संपला आहे. आउटलुक आणि थंडरबर्ड चालू आहेत. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे आउटलुक हे नाव आपल्याकडील पुष्कळ शिक्षकांना परिचयाचे आहे.

आता सारे व्यवहार मोबाइलवर होत असताना टेबलावरच्या संगणकातील या सॉफ्टवेअरची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर साधे आहे. मोबाइलच्या गटावर आलेले पत्रक आज दिसते आणि आठवड्याने शेकडो संदेशांखाली गाडले जाते. पाच वर्षांपूर्वीचे मान्यतेचे पत्र काढून दाखवायचे असेल तर टपाल एका जागी, क्रमाने आणि आपल्या ताब्यात असावे लागते. टेबलावरच्या सॉफ्टवेअरचा खरा गुण हाच की टपालाची प्रत आपल्याच संगणकात राहू शकते. झरी-जामणी किंवा घाटंजी तालुक्यातील एखाद्या गावी जोडणी तुटली तरी जुने पत्र वाचता येते आणि नवे लिहून ठेवता येते. हा गुण मोठा आहे, म्हणूनच दोषही नीट पाहिले पाहिजेत.

नावाचे तुकडे

पत्तेवहीत नवी नोंद करायला गेलो की पडद्यावर रकाने येतात. उपाधी, पहिले नाव, मधले नाव, शेवटचे नाव, प्रत्यय. ही पाच खणांची पेटी कोणा एका कंपनीची नाही. नाव-पत्त्यांची देवाणघेवाण करण्यासाठी 'व्ही-कार्ड' नावाचा एक सर्वमान्य मापदंड आहे. त्याचा उगम १९९० च्या दशकाच्या मध्यातला, आणि आज वापरात असलेली चौथी आवृत्ती २०११ ची. त्यातही नावाचे हेच पाच भाग आहेत.

आता आपल्याकडील नावे या पेटीत घालून पाहू. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आपण आडनाव आधी लिहितो, जसे 'आत्राम सुनीता मारोती'. काही सॉफ्टवेअरे पूर्ण नाव एका ओळीत लिहू देतात आणि त्याचे तुकडे स्वतः पाडतात. तुकडे पाडताना पहिला शब्द हे नाव आणि शेवटचा शब्द हे आडनाव, असे ती धरून चालतात. मग सुनीताबाईंना जाणारे पत्र 'प्रिय आत्राम' असे सुरू होते आणि अनुक्रमात त्या 'मारोती' या आडनावाखाली जाऊन बसतात. पुसद-दिग्रसकडे 'शेख रहीम शेख करीम' अशा धर्तीची नावे सर्रास आढळतात. त्यात 'शेख' दोनदा येते आणि शेवटचा शब्द वडिलांचे नाव असतो. पैनगंगेपलीकडे आदिलाबादच्या बाजूला तेलुगू रीतीप्रमाणे घराण्याचे नाव नुसत्या आद्याक्षराने आधी लिहितात. सीमेवरच्या शाळेत या तिन्ही रीतींचे पालक एकाच वर्गाच्या यादीत असू शकतात. यांतल्या एकाही रीतीत चूक नाही. चूक आहे ती शेवटचा शब्द म्हणजे आडनाव या गृहीतकात.

येथे मापदंडाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्ही-कार्डच्या चौथ्या आवृत्तीत नावाचे तुकडे देणे ऐच्छिक आहे. सक्तीचे आहे ते पूर्ण नाव, म्हणजे ती व्यक्ती स्वतः जसे लिहिते तसे. आउटलुकमध्येही नोंद कोणत्या क्रमाने लावायची हे ठरवण्याचा रकाना वेगळा ठेवला आहे. म्हणजे शहाणपण कागदावर आहे, पडद्यावर मात्र तुकड्यांचे रकाने आधी येतात. म्हणून आमची पहिली सूचना अशी : नोंदीच्या पानावर सर्वांत वर पूर्ण नावाची एकच ओळ असावी, सॉफ्टवेअरने तिचे तुकडे विचारल्याशिवाय पाडू नयेत, आणि अनुक्रमासाठी कोणता शब्द धरायचा हे वापरणाऱ्याने त्या शब्दावर बोट ठेवून सांगावे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ च्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदपत्रांवर स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने लिहायचे आहे. ही मुले २०३० च्या सुमारास पहिलीच्या वर्गात येतील. त्यांच्या आईच्या नावाला पत्तेवहीत जागा कोठे आहे? व्ही-कार्डच्या मधल्या नावाच्या खणात एकाहून अधिक नावे लिहिता येतात हे खरे. पण त्यांतले आईचे कोणते आणि वडिलांचे कोणते हे सांगण्याची सोय तेथे नाही. पालकाची स्वतंत्र नोंद नात्याने जोडता येते, पण ती नावाचा भाग होत नाही.

योगायोग असा की त्याच २०२४ साली या मापदंडाला एक पुरवणी जोडली गेली आणि तीत नावाच्या पेटीला दोन खण वाढले. एक दुसऱ्या आडनावासाठी आणि एक पिढीसाठी. स्पेन आणि दक्षिण अमेरिकेतील अनेक देशांत माणसाला वडिलांकडचे आणि आईकडचे अशी दोन आडनावे असतात. त्या रीतीला अशा रीतीने हक्काची जागा मिळाली. म्हणजे पेटीचे खण काही दगडात कोरलेले नाहीत. ते वाढू शकतात. मात्र ज्यांची रीत चर्चेच्या टेबलापर्यंत पोहोचते त्यांच्यासाठी ते वाढतात. आईचे नाव स्वतंत्रपणे ओळखता यावे ही आमची दुसरी सूचना. ती महाराष्ट्रातून गेली नाही तर दुसरे कोण करणार?

मु. पो., ता., जि.

पत्त्याचीही तीच कथा आहे. नेहमीच्या रकान्यांत रस्ता, शहर, राज्य, पिनकोड आणि देश एवढेच असते. आपला पत्ता मात्र 'मु. पो., ता., जि.' असा चालतो. यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. वडगाव, पिंपळगाव यांसारखी गावांची नावे पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे तालुका लिहिल्याशिवाय गाव ओळखू येत नाही. शिवाय तालुक्याचे नाव आणि मुख्यालयाचे नाव नेहमी एकच असते असेही नाही. तालुका केळापूर, पण कचेऱ्या पांढरकवड्याला. रकाना 'शहर' असा असेल तर एक शिक्षक तेथे केळापूर लिहील, दुसरा पांढरकवडा, तिसरा शाळेच्या गावाचे नाव. तिघेही बरोबर असतील, आणि वर्षअखेरीस तालुक्याप्रमाणे यादी काढायला गेले की ती जमणार नाही.

रोमन लिपीत लिहिले तर घोटाळा आणखी वाढतो. यवतमाळचे इंग्रजी स्पेलिंग आज 'वाय-ए-व्ही' असे सुरू होते. इंग्रजी अमदानीतील कागदपत्रांत ते 'वाय-ई-ओ' असे आढळते. वणी कोणी 'डब्ल्यू'ने लिहितो, कोणी 'व्ही'ने. संगणकाच्या लेखी ही वेगवेगळी गावे.

या बाबतीत मापदंड पुढे गेला आहे हे मान्य केले पाहिजे. वर उल्लेख केलेल्या २०२४ च्या पुरवणीत पत्त्यासाठी जिल्हा, उपजिल्हा आणि ठळक खूण यांचे वेगळे खण आले आहेत. उपजिल्हा म्हणजे आपला तालुका धरायला हरकत नाही. आणि 'मारुतीच्या देवळामागे' ही आपली नेहमीची ठळक खूण. आता हे खण नोंदीच्या पानावर येणे बाकी आहे. २०२२ साली थंडरबर्डच्या १०२ व्या आवृत्तीत पत्तेवही नव्याने बांधून व्ही-कार्डवर आधारली गेली, तेव्हा तेथे हा बदल करणे अशक्य कोटीतले नाही. आमची तिसरी सूचना तीच : भारतातील वापरणाऱ्याला तालुका आणि जिल्हा हे रकाने आपोआप दिसावेत, आणि पिनकोडवरून जिल्हा सुचवला जावा. ४४५ या आकड्यांनी सुरू होणारा पिनकोड यवतमाळचा, एवढे तरी संगणकाला कळायला हरकत नाही.

पद राहते, माणूस बदलतो

पत्तेवहीची मूळ कल्पना एक माणूस, एक कंपनी, एक हुद्दा अशी आहे. आपल्या पत्रव्यवहाराची कल्पना याच्या उलट आहे. पत्र 'मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, मारेगाव' यांना जाते. त्या खुर्चीवर आज कोण आहे हा नंतरचा प्रश्न. बदल्या झाल्या की माणसे हलतात, पद तेथेच राहते. पत्तेवहीत मात्र ई-मेलचा पत्ता माणसाच्या नावाखाली असतो. मग बदली झालेल्या मुख्याध्यापकांच्या खाजगी पत्त्यावर शिष्यवृत्तीची यादी जाते आणि नव्या मुख्याध्यापकांना मुदत उलटल्यावर कळते. नुकसान होते ते यादीतल्या मुलाचे.

यावर उपाय अवघड नाही. पद ही स्वतंत्र नोंद असावी, आणि तिच्याखाली कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत कोण, अशी ओळींची रांग असावी. शाळेतील मुख्याध्यापकांच्या नावांचा फलक याच तत्त्वावर रंगवलेला असतो. जो फलक भिंतीवर आहे तो पत्तेवहीत यावा, ही चौथी सूचना.

याला लागूनच एक छोटी बाब. काही सॉफ्टवेअरे दोन नोंदींत एकच फोन नंबर दिसला की 'या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या दिसतात, एकत्र करू का?' असे विचारतात. शहरात हे सोयीचे असेल. पोडावरील एकाच मोबाइलवर तीन घरांचे निरोप येत असतील तर त्या तीन कुटुंबांची एक नोंद होऊन बसेल. कोलाम वस्तीला आपल्याकडे पोड म्हणतात. तेथील पालकांचा शाळेशी असलेला धागा आधीच नाजूक असतो. तो सोयीच्या नावाखाली तुटू नये. एक फोन अनेक माणसांचा असू शकतो, हे सॉफ्टवेअरने गृहीत धरले पाहिजे.

काळे आधी की कावळे?

आता अनुक्रमाकडे वळू. हा भाग विज्ञानाच्या तासाला सांगण्यासारखा आहे.

संगणक अक्षरे आकड्यांच्या रूपात साठवतो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत 'ल'चा आकडा २३५४, 'ळ'चा २३५५, 'व'चा २३५७, 'स'चा २३६० आणि 'ह'चा २३६१ आहे. आपल्या शाळेतील वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. आता कावळे, कासार आणि काळे ही तीन आडनावे घ्या. वर्णमालेप्रमाणे त्यांचा क्रम कावळे, कासार, काळे असा लागेल. नुसत्या आकड्यांच्या क्रमाने लावला तर काळे सर्वांत आधी येईल. 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना युनिकोडमध्ये स्वतःचा आकडाच नाही. 'क्ष' म्हणजे क, हलन्ताचे चिन्ह आणि ष. हलन्ताचा आकडा २३८१ हा सर्व नेहमीच्या मात्रांच्या नंतरचा. त्यामुळे क्षीरसागर हे आडनाव वर्णमालेच्या शेवटी न येता कोल्हे आणि कौशिक यांच्या पाठोपाठ येऊन उभे राहते. उलट अनुस्वाराचा आकडा २३०६, म्हणजे अगदी सुरुवातीचा. बाराखडीत 'कं' शेवटून दुसरा असतो; येथे कंगाले हे कदमांच्याही पुढे जातात.

असे का झाले? युनिकोडमधील देवनागरीची मांडणी १९८८ च्या 'इस्की' या भारतीय संकेतावरून घेतली आहे. इस्कीत भारतातील अनेक लिप्यांना एकच समान मांडणी होती, म्हणजे एका लिपीतले अक्षर दुसऱ्या लिपीत त्याच जागी सापडावे. ती सोय होती. मराठीचा अनुक्रम सांगणे हा तिचा हेतूच नव्हता. अनुक्रमाचे नियम वेगळे लिहावे लागतात, आणि मराठीसाठी ते लिहिलेलेही आहेत. युनिकोड संघटनाच भाषावार नियमांचे जे भांडार ठेवते त्यात मराठी आहे. पण हे नियम बहुधा संगणकाच्या भाषेच्या निवडीशी बांधलेले असतात. आपल्या बहुतेक कचेऱ्यांतील संगणकांची भाषा इंग्रजी ठेवलेली असते, आणि मग मराठीचे नियम असूनही उपयोगी पडत नाहीत. म्हणून पाचवी सूचना : अनुक्रमाची भाषा पत्तेवहीतच निवडता यावी, संगणकाची भाषा कोणतीही असो.

शोध घेण्यातही असाच एक खड्डा आहे. 'कऱ्हाडे' या आडनावातील ऱ्ह दोन रीतींनी टंकलिखित होतो. एकात २३५३ हा 'ऱ'चा स्वतंत्र आकडा असतो, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात. आकडे वेगळे असल्याने एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. वकिलांच्या नावाआधी येणाऱ्या 'ॲड.'मधील 'ॲ'चेही तसेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र आकडा २००८ साली मिळाला; त्याआधीच्या नोंदींत तो 'अ' आणि त्यावर अर्धचंद्र असा दोन आकड्यांत लिहिलेला असतो. दिसायला जे सारखे ते शोधतानाही सारखे मानावे, ही सहावी सूचना. हे तंत्रदृष्ट्या अवघड नाही. कोणी मागितले पाहिजे एवढेच.

आवक-जावकची कसोटी

पत्तेवही सोडून टपालाच्या बाजूला आलो की आपल्या हाती एक चांगली मोजपट्टी आहे. ती म्हणजे आवक-जावक नोंदवही. पत्र आले की क्रमांक, तारीख, कोणाकडून आले, विषय आणि काय कार्यवाही केली. या पाच रकान्यांपैकी तारीख, प्रेषक आणि विषय ई-मेल आपोआप देते. क्रमांक आणि कार्यवाही हे दोन मात्र देत नाही. पत्र 'वाचले' की 'न वाचलेले' एवढेच सॉफ्टवेअरला कळते. वाचणे आणि पत्राची तड लावणे यांतला फरक त्याला ठाऊक नाही. रंगीत खुणा करता येतात, पण त्या करणाऱ्यापुरत्या. 'उत्तर पाठवले, जावक क्रमांक अमुक' अशी एक ओळ पत्रालाच कायमची चिकटवता आली पाहिजे.

पोच हा दुसरा विषय. ई-मेलमध्ये पोच मागण्याची सोय फार जुनी आहे. पण पत्र समोरच्याच्या टपालयंत्रापर्यंत पोहोचले ही एक पोच, आणि त्याने ते उघडले ही दुसरी. दुसरी पोच द्यायची की नाही हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर असते, आणि ते योग्यही आहे. पोच आली नाही म्हणजे पत्र मिळाले नाही, असे सिद्ध होत नाही. सॉफ्टवेअरने हा फरक साध्या शब्दांत पडद्यावर सांगावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

तिसरा विषय साठवणुकीचा. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांत सारे टपाल एका फाइलीत साठत असे आणि ती दोन गिगाबाइटपर्यंत पोहोचली की संकट ओढवे. २००३ मध्ये रचना बदलून मर्यादा वाढवली गेली. थंडरबर्डमध्ये नेहमीच्या मांडणीत एका कप्प्याचे टपाल एका फाइलीत असते, आणि पुसलेले पत्र तो कप्पा 'आवळेपर्यंत' आतच पडून राहते. वीज जाण्याची धास्ती असलेल्या ठिकाणी मोठ्या फाइलीत लिहिणे चालू असताना संगणक बंद पडणे घातक. 'आजवरच्या सर्व टपालाची प्रत पेनड्राइव्हवर काढा' असे एकच बटण ठळक जागी असेल तर शाळेचा केवढा त्रास वाचेल.

एका बाबतीत मात्र थंडरबर्डला दाद द्यावी लागेल. २००९ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात एक आठवण करणारी सोय आहे. पत्रात 'जोडले आहे' अशा अर्थाचा शब्द आढळला आणि प्रत्यक्षात काही जोडलेले नसले, तर ते पाठवण्याआधी विचारते. महत्त्वाचे हे की शब्दांची यादी आपल्याला वाढवता येते. 'सोबत' हा शब्द त्यात घालून ठेवा. आपल्या कार्यालयीन पत्राच्या तळाशी 'सोबत : यादी' असतेच. आपली रीत सॉफ्टवेअरला शिकवता येते, याचा हा चांगला नमुना आहे.

सूचना कोण करतो आणि कशी?

आता मूळ मुद्द्यावर येऊ. या सर्व सॉफ्टवेअरांचे कर्ते सूचना स्वीकारतात. मोझिलाची 'बगझिला' ही तक्रारवही १९९८ पासून सर्वांना खुली आहे. तेथील बहुतेक नोंदी कोणीही वाचू शकतो. तरीही आपली गाऱ्हाणी तेथे क्वचित पोहोचतात. वर्गात प्रश्न विचारला की तीच पाच-सहा मुले हात वर करतात, आणि शिक्षकाला वाटते वर्गाला समजले. सूचनांचेही तसेच आहे. दिवसभर संगणकावर बसणारा, इंग्रजी सहज लिहिणारा माणूस नवे रंग, नव्या कळा, नव्या खिडक्या मागतो आणि त्या मिळवतो. पांढरकवड्याचा लिपिक काही मागत नाही, म्हणून त्याला काही नको आहे असे धरले जाते. कर्त्यांना दोष देण्यापूर्वी ही बाजूही ध्यानात घेतली पाहिजे.

दुसरे असे की, 'पत्तेवही सुधारा' ही सूचना नव्हे. तो उद्गार आहे. चांगली सूचना कशी लिहावी हे विज्ञानाच्या शिक्षकाला वेगळे शिकवण्याची गरज नाही. प्रयोगवहीतील उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान येथे तंतोतंत लागू पडतात. उद्देश : मला काय साधायचे होते. साहित्य : कोणते सॉफ्टवेअर, कितवी आवृत्ती, संगणकाची भाषा कोणती. कृती : मी क्रमाने काय काय केले. निरीक्षण : काय अपेक्षित होते आणि काय घडले. अनुमान : माझ्या मते दोष कोठे असावा. दुसऱ्याने तीच कृती केल्यावर तेच निरीक्षण आले तर सूचना पक्की ठरते. एका नोंदीत एकच गोष्ट लिहावी, आणि तीच गोष्ट आधी कोणी लिहिली आहे का ते शोधावे.

आणखी एक पथ्य. उपाय सांगण्याआधी गरज सांगावी. 'येथे बटण द्या' म्हटले की वाद बटणावर होतो. 'बदली झालेल्या माणसाच्या पत्त्यावर पत्र जाते' असे म्हटले की विचार गरजेवर होतो, आणि आपल्याला न सुचलेला चांगला उपायही निघू शकतो.

वर्गात करून पाहा

इयत्ता सातवी-आठवीच्या वर्गात हा प्रयोग एका तासात होतो. मुलांना हजेरीपटातील वीस आडनावे चिठ्ठ्यांवर लिहायला सांगा. एका गटाने ती वर्णमालेप्रमाणे लावावीत. दुसऱ्या गटाला फळ्यावर अक्षरांचे युनिकोड आकडे द्यावेत आणि त्याने नुसत्या आकड्यांच्या चढत्या क्रमाने लावावीत. मग दोन्ही रांगा शेजारी ठेवा. कोण पुढे गेले, कोण मागे पडले आणि का, याची चर्चा आपोआप सुरू होईल. संगणक शाळेत असेल तर तीच आडनावे पत्तेवहीत भरून तिसरी रांग काढावी आणि ती कोणत्या गटाशी जुळते ते पाहावे. निष्कर्ष वरील पाच मथळ्यांखाली लिहून घ्यावा. तो इंग्रजीच्या शिक्षकांकडून भाषांतरित करवून पाठवला तर ती खरीखुरी सूचना होईल, आणि मुलांना कळेल की प्रयोगवही परीक्षेपुरती नसते.

सॉफ्टवेअर माणसेच लिहितात, आणि ती त्यांना ठाऊक असलेल्या माणसांसाठी लिहितात. सुनीता मारोती आत्राम यांना ती ओळखत नाहीत, म्हणून त्यांचे नाव उलटेसुलटे होते. ही ओळख करून देण्याचे काम जे त्यांना ओळखतात त्यांचे आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेली मुले शाळेच्या दारात यायला अजून थोडा अवकाश आहे. तोवर त्यांच्या आईच्या नावासाठी एक रकाना मागून ठेवता येईल.